पहिलं नाव, पहिली फोड

रानातले कोणते कंद खाल्ले की घसा खाजतो आणि त्यावर उपाय काय, हे शोधण्याचं काम नांदगिरीच्या राजाने पाच वैद्यांवर सोपवलं. आखणी त्यांच्यातल्या तुळसाबाईंची. कंद कुणी खणायचे, कुणी शिजवायचे, टिपणं कुणी ठेवायची, सगळं त्यांनी वाटून दिलं. पाचांतले राजवैद्य पद्मनाभशास्त्री मात्र चार महिने गादीवरून हलले नाहीत. ग्रंथ तयार होताच भर दरबारात म्हणाले, "पहिलं नाव माझं!"

"अवश्य," तुळसाबाई म्हणाल्या. "पण नांदगिरीची रीत ठाऊक आहे ना? औषधाच्या ग्रंथावर ज्याचं नाव पहिलं, त्यानेच ते औषध आधी चाखायचं." त्यांनी शिजवलेल्या कंदांचं ताट पुढे केलं. "न खाजणारा कोणता, हे तुम्ही ओळखालच."

शास्त्रीबुवांनी ताट मागे सारलं. "राहू द्या. तरुणांची नावं पुढे येऊ देत."

तुळसाबाईंनी एक फोड खुशाल तोंडात टाकली. "सगळे चिंच घालून शिजवलेत, एकही खाजत नाही. तोच तर आमचा शोध! ग्रंथाच्या पहिल्याच पानावर लिहिलाय, शास्त्रीबुवा. तुम्हाला नाव हवं होतं ना, त्याच पानावर."