अणुभट्टीचा शेजार

"आणि दुसरी भट्टी कोण घेणार?" उस्मानबाबांनी विचारलं.

"दुसरीला रांग लागेल, बाबा. अडलंय ते पहिलीचंच."

सड्यावर वारा सुटला होता. कातळाचं उघडं माळरान, मधोमध एकुलतं एक कौलारू घर. घराच्या पायरीवर दोघे बसले होते. एक म्हातारा फकीर, आणि एक पन्नाशीचा इंजिनियर, श्रीरंग नाबर. नजर पोचेल तिथवर तिसरं माणूस नव्हतं.

श्रीरंगने ऐन उमेदीची सगळी वर्षं या लहान अणुभट्टीत घातली होती. आता तिला जागा हवी होती, आणि हा सडा त्याने हेरला होता. खालच्या वाडीने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं, "वर बाबा राहतात. ते हो म्हणाले तर आमचं हो."

अणुभट्टी आता एका फकिराला समजावायची, या विचाराने तो चढण चढतानाच चिडला होता.

"मोठी भट्टी उभी राहीपर्यंत माणसं म्हातारी होतात," तो सांगू लागला. "ही कारखान्यात घडते. ट्रेलरवरून भाग आणायचे, इथे जोडायचे. काही बिघडलं तर पंप लागत नाही, माणूस लागत नाही, आपली आपण थंड होते. धूर नाही. रात्रंदिवस वीज."

"चांगली आहे," बाबा म्हणाले.

श्रीरंग गोंधळला. तो भांडायच्या तयारीने आला होता.

"महाग पडत असेल," बाबाच पुढे म्हणाले.

"पहिली पडते. तेवढ्याच विजेला मोठीपेक्षाही महाग. एका भट्टीसाठी अख्खा कारखाना उभारायचा म्हटल्यावर... पण तशाच दहा घडवल्या की दर उतरतो."

"उतरतोच?"

"उतरायला हवा."

बाबा उठले. त्यांनी श्रीरंगचा हात धरून घराच्या भिंतीवर टेकवला. जांभा दगड उन्हाने अजून गरम होता.

"आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा हा सडा मिळाला. सगळ्यांनी इथे वस्ती करायचं ठरवलं. गवंडी म्हणाला, दहा घरं असतील तर निम्म्यात बांधून देतो, एकासाठी एवढं लांब येणं परवडत नाही. मग जो तो म्हणायला लागला, आधी कुणाचं तरी उभं राहू दे. पाणी लागू दे. मग आम्ही आहोतच..."

"तुम्ही बांधलंत."

"बांधलं. पाणीही लागलं."

"मग?"

बाबांनी नुसता हात लांब केला.

गवतात दगडांच्या चौकटी दिसत होत्या. घरांच्या जोत्यांसाठी कधीकाळी आखलेल्या. त्यांच्यात करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या.

श्रीरंग बघत राहिला. किती कचेऱ्या, किती मंत्री, किती उद्योगपती. सगळीकडे मान डोलली होती आणि सगळीकडून एकच उत्तर आलं होतं, दुसरी आम्ही घेऊ. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. घरी सांगण्यासारखं कुणी नव्हतंच.

"बाकीचे कुठे गेले, बाबा?"

"मुंब्र्याला. कुवेतला. बायको मुलाकडे गेली, नातवंडं आहेत. दर ईदेला मुलगा मला न्यायला येतो."

"आणि तुम्ही?"

"त्याला जेवू घालतो."

...

"भट्टीत जळून जे उरतं," बाबांनी विचारलं, "ते कुठे जातं?"

"आधी पाण्यात ठेवतो. मग पोलादाच्या आणि काँक्रीटच्या पिंपांत. इथेच, भट्टीच्या आवारात."

"कधीपर्यंत?"

सभांमधून द्यायचं उत्तर श्रीरंगच्या ओठांवर आलं. पुढे सरकार घेऊन जाईल. पण हात अजून भिंतीवर होता, आणि ते उत्तर काही बाहेर पडेना.

"न्यायचं कुठे, ते अजून ठरलेलं नाही," तो म्हणाला. "तुमचं माझं नाव कुणाला आठवणार नाही, तेव्हाही ते असेल."

"त्याच्याजवळ कोण बसणार?"

"यंत्रं असतील. पहारेकरी असतील."

"पगारी?"

"हो, पगारी."

"आणि तू?"

"मला तर पुढच्या भट्ट्या..."

...

ऊन उतरलं. खाली वाडीत कुणीतरी गुरांना हाका घालत होतं. इथवर पोचेपर्यंत त्या हाकांतले शब्द गळून गेले होते, नुसता सूर येत होता.

"बाबा, मी राहतो," श्रीरंग एकदम म्हणाला.

"कुठे?"

"इथे. त्या आखलेल्या चौकटींपैकीच एकीत घर बांधतो. भट्टीच्या शेजारी, कायमचा. मग तर हो म्हणाल?"

"तुझं घर?"

"पुण्यात फ्लॅट आहे. बायको वारली. मुलगी मेलबर्नला, सणासुदीला फोन करते. मी पुण्यात काय, इथे काय... माझी वाट बघणारं कुणी नाही, बाबा."

शेवटचं वाक्य त्याने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं. ते बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आपल्याकडे देण्यासारखं होतं ते सगळं आपण या पायरीवर ठेवलं. आता हा म्हातारा नाही म्हणणार नाही.



बाबांनी त्याचा हात भिंतीवरून अलगद काढला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"नको, बेटा. ज्याला जायला घर नाही, तो नको. घर असून जो राहील, त्याला आण."