ओल्या चुन्यातली पावलं

एका राज्यात शीलवंती नावाची राणी होती. तिनं एकदा नवस केला होता. ओटी रिकामी, पाळणा रिकामा, तेव्हा कुलदेवीपुढे पदर पसरून ती म्हणाली होती, "आई, मला एक लेकरू दे. रोज तिन्हीसांजेला माझ्या हातानं तुला निरांजन लावीन. दुखणंखुपणं आलं तरी चुकवणार नाही." देवीनं ऐकलं. बकुळा नावाची मुलगी झाली. राणीनं नेम धरला आणि पाळला.

पुढं काय झालं? देवघराच्या दाराशी एक मोठी काळी फरशी होती, तिला भेग पडली. आज केसाएवढी, उद्या बोटभर, मग वीतभर. गवंडी चुना भरून जाई, भेग पुन्हा उघडे. समोरच्या दालनात बकुळेचा पाळणा, आणि भेग सरळ तिकडे निघालेली. राजानं पाळणा पलीकडच्या भिंतीशी नेला. भेग वळली.

राणीच्या घशाखाली घास उतरेना. दालनाच्या कोनाड्यात एक साळुंकी राहत असे. ती माणसासारखी बोले, आणि तोंडाची मोठी फटकळ. ती म्हणाली, "राणीबाई, वरून लिंपून काय होणार? ठोकून बघा की जरा!"

राणीनं बोटाच्या पेरानं ठोकलं. भरल्या जमिनीचा आवाज नव्हताच तो. रिकाम्या मडक्यासारखी फरशी वाजली.

"खाली धूमकेश मांत्रिकाचं धन आहे," साळुंकी म्हणाली. "तुमच्या सासऱ्यांनी हिसकावून आणलं, इथं पुरलं आणि वर देवघर बांधलं, म्हणजे कुणी खणायला नको. मांत्रिकानं शाप दिला. भेग पाळण्याखाली पोचली, की जमीन पाळणा गिळणार."

फरशी उचलली. खाली पोकळी, पोकळीत सोन्याचा हंडा. राणीनं आत डोकावूनही पाहिलं नाही. हंडा डोक्यावर घेतला आणि साळुंकीनं दाखवलेल्या वाटेनं अनवाणी मांत्रिकाचा डोंगर चढली. गुहेच्या तोंडाशी मांत्रिक बसला होता.

"कोण तू?"

"ज्यांनी हिसकावलं त्यांची सून. तुमचं तुम्हाला आणलंय. माझ्या मुलीला सोडा."

"दिलेला शाप मला मागं घेता येत नाही, बाई. पण उतारा आहे. कामं तीन. धन परत करायचं, ते केलंस. पोकळी भरायची, आणि फरशीचा चुना तू स्वतः मळायचा, बेलफळाच्या गरात. तिसरं सोपं. चुना वाळेपर्यंत फरशीवर कुणाचंही पाऊल पडू द्यायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच," मांत्रिक म्हणाला, आणि हसला.

ती परतली. पोकळीत मुरूम भरला, ठोकून घट्ट केला. शिंपल्यांचा चुना गूळपाण्यात आणि बेलाच्या गरात मळता मळता तळहातांची सालटी निघाली. गवंड्यानं फरशी बसवली, भेग आणि सांधे चुन्यानं भरले, वरून चुन्याचा थर दिला. राजानं पहारा ठेवला. "मुंगीसुद्धा जाता कामा नये!"

सकाळी पाहतात तो ओल्या चुन्यात पावलं! नाजूक, रेखीव, सगळी देवघराकडे तोंड केलेली. बाहेर येणारं एकही नाही. गवंडी लिंपून गेला की मागंही अशीच उमटत. राणीनं भक्तिभावानं हात जोडले. "देवी आत आली, परत गेलीच नाही!" तिनं पावलांवर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मान वर करते तो भेग पाळण्यापाशी जाऊन ठेपलेली.

"रात्री कोण आलं इथं?" राजा कडाडला.

"परकं कुणी नाही, सरकार," पहारेकरी म्हणाला. अधिक बोलायची त्याची छाती झाली नाही.

"त्याला काय दटावता?" साळुंकी म्हणाली. "राणीबाई, त्या ठशात तुमचं पाऊल ठेवून बघा."

राणीनं ठेवलं. अंगठ्यापासून टाचेपर्यंत बरोबर बसलं.

"पण मी परतही येते ना! ही तर सगळी आत जाणारी."

"येता कशा? देवीला पाठ दाखवता कधी?"

राणीला आता उमगलं. निरांजन लावून ती मागच्या मागं पावलं टाकत बाहेर येई. नजर देवीच्या मुखाकडे, पाय अंधारात. नेमाची पावलं तिच्या हिशेबी पावलं नव्हतीच.

"मी देवाच्या वाटेनं चालत होते गं!"

"फरशीला ते कळत नाही, बाई. तिला भार कळतो."

राणीनं पुन्हा चुना मळला, फरशी पुन्हा बसली. तिन्हीसांज झाली, निरांजनाची वेळ आली. पाऊल पडलं तर लेक जाणार. नवस मोडला, तर नवसानं मिळालेली लेक ठेवून घ्यायला तोंड कुठलं?

"फळी टाकू फरशीवर," राजा म्हणाला.

"भार तो भारच, महाराज," राणी म्हणाली.

"मग मी लांब उडी मारून जातो."

"नवस माझ्या हातानं लावायचा आहे."

राणी फरशीच्या अलीकडे बसली. वात दोनदा विझली. शेवटी लागली. निरांजन तिनं कोरड्या जागी ठेवलं. "आई, आज इथूनच. रागावलीस तर माझ्यावर रागाव, बकुळेवर नको."

देवघरात काळोख. पाळण्याखाली करकर वाजलं, बकुळा झोपेत दचकली. राणीनं डोळे मिटले, पण जागची हलली नाही.

तेवढ्यात ज्योत लांब झाली. ओल्या फरशीवरून अलगद तरंगत गेली, चुन्याला लागली नाही, आणि देवीच्या मुखाशी जाऊन थांबली. देवी हसत होती. उसवलेला दोरा ओढून घ्यावा तशी भेग पाळण्याकडून मागं मागं आली आणि चुन्यात मिटली.

फरशी वाळेपर्यंत राणीनं रोज तिथूनच निरांजन लावलं. मग साळुंकी खाली उतरली, चोचीनं ठोकलं, कान दिला. "भरली!" म्हणाली. तेव्हा कुठे राणीनं पाऊल टाकलं. राज्यात पुन्हा सुखाची झोप आली.

बायांनो, तुमच्या देवघराशी नवी फरशी बसली, की तुम्हीही तसंच करा. ओल असेतो अलीकडेच बसा, तिथूनच दिवा लावा. देवी जशी राणीपर्यंत पोचली, तशी ती तुमच्यापर्यंत पोचो.