मोठा फोटो

बारा वर्षं वापरलेल्या फ्लेक्स मशीनची शाई अडली, की अण्णा सिरिंज लावून ती ओढत आणि नळी मोकळी करत. परवा अण्णाच गेले. त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स काढायला मुलगी वनिता बसली, तर काळी शाई उतरेना. बापाच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रेघा. तिने सिरिंज लावली.

तेवढ्यात नगरसेवक उमाजीराव आले. "शोकाकुल म्हणून माझा फोटो टाक. अण्णांच्या दुप्पट!"

"टाकते की, साहेब. पण लोक लांबून मोठाच चेहरा बघतात. उद्या तुमच्याच दारात रडत आले, तर वहिनींनी काय सांगायचं?"

उमाजीरावांनी फोटो दाखवायला काढलेला मोबाइल परत खिशात घातला.

शाई सुटली. अण्णा स्वच्छ उमटले.

"झालं बघा, अण्णा!" म्हणत वनिता सवयीने मागे वळली. अण्णांचं स्टूल रिकामं होतं.