मांजराचं दूध

“खोट कुठे आहे, तेवढं सांगा ना बुवा! पै न् पै लिहिली आहे मी.”

यशवंत लोणारीने वही जवळजवळ आपटलीच. त्याचं चिवड्याचं दुकान जोरात चाललं होतं. आता दुसरं काढायचं होतं, आणि निरंजनबुवांनी हिशेब बरोबर म्हटल्याशिवाय गावची पतपेढी कुणा दुकानदाराला कर्ज देत नसे.

बुवा अर्धं आयुष्य अडतीवर दिवाणजी होते. मठात आले, पण हिशेब काही सुटला नाही. बाजाराच्या सुट्टीला लहान दुकानदारांना ओसरीवर बसवून जमाखर्च शिकवायचे.

“वाच,” बुवा म्हणाले.

“पोहे, तेल, शेंगदाणे, भाडं, हमाली... गोदामातल्या मांजराचं दूध.”

“मांजराचं दूधही?”

“उंदीर धरतं ना! तुम्हीच शिकवलंत, जे कामाला येतं त्याचा खर्च लिहायचा.”

“चिवडा कोण करतं?”

“घरची.”

“तिचं काय लिहिलंस?”

यशवंत हसला. “घरच्या माणसाला कसला पगार, बुवा?”

बुवा हसले नाहीत.

“आणि दुसऱ्या दुकानाचा चिवडा?”

“तीच करेल. तिला सवय आहे.”

घरची, म्हणजे कलावती, बुवांसाठी चिवड्याचा डबा घेऊन पायरीवर उभी होती. मनगटांवर तेलाचे चटके, जुन्यावर नवे. ते बघायला चष्मा लागत नव्हता. नवऱ्याला मात्र मांजर तेवढं दिसलं होतं!

“बाई, हाताखाली कुणी आहे का?” बुवांनी विचारलं.

“एखादी बाई ठेवा म्हटलं, तर म्हणतात परवडत नाही.”

“परवडत नाही?” बुवांचा आवाज चढला. “आणि नफा पानभर? हिची मजुरी गिळलीस आणि त्यालाच नफा म्हणतोस, लाज नाही वाटत?”



बुवांनी पेन उचललं. पहिल्या पानावर मालक म्हणून यशवंतचं नाव होतं. ते खोडलं, तिथे कलावतीचं लिहिलं आणि वही तिच्या हातात दिली.

यशवंत ताडकन उठला. “हा अन्याय आहे बुवा! दिवसभर गल्ल्यावर मी बसतो. मग मला काय मिळणार?”

बुवांनी कलावतीकडून डबा घेऊन उघडला. चिमूटभर चिवडा तोंडात टाकला. सावकाश चावला...

“तू घरचाच की रे. घरच्या माणसाला कसला पगार?”