अग्रसाधनं

जंगलात एकच पाणवठा उरला होता, त्या जुन्या काळची ही गोष्ट. वाघराजाला तो पाणवठा एकट्यासाठी हवा होता, पण चितळं हटेनात. त्याने गव्यांना फर्मावलं, "शिंगं खुपसा त्यांच्या पोटात!"

गव्यांचा म्होरक्या चाचरत म्हणाला, "महाराज, रोज त्यांच्यासोबत चरतो आम्ही. शिंगं कशी खुपसायची?"

वाघ गुरगुरला. तेवढ्यात कोल्हा प्रधान पुढे झाला. "अहो, शिंगं कुठली? अग्रसाधनं म्हणा. आणि खुपसायचं काहीच नाही. अग्रसाधनांचा वापर करून पाणवठा मोकळा करायचा, एवढंच."

हे ऐकून गव्यांना हलकं वाटलं. ते निघाले, आणि उन्हं कलायच्या आत पाणवठा मोकळा झाला. पळून जायलाही कुणी उरलं नाही.

म्होरक्या कळपात परतला तेव्हा त्याच्या आईने विचारलं, "शिंगांना हे लाल काय लागलंय रे?"

"शिंगं नाहीत आई, अग्रसाधनं."

"बरं. मग अग्रसाधनांना काय लागलंय?"

म्होरक्या ती गवतावर घासू लागला. त्या लाल रंगासाठी कोल्ह्याने नवा शब्द दिलाच नव्हता.

सकाळी कोल्ह्याने तो शब्दही पाठवून दिला.