तालमीच्या पायरीवर

“...पण वस्ताद, तालीम आपली आहे की नाही? मग ही बाहेरची माणसं आत कशाला?”

ऋतुराजने तालमीचं दार अर्धं लोटून धरलं होतं. पायरीखाली रामसुरत उभा होता, चपला हातात घेऊन. पुण्यात येऊन तो समोरच्या नव्या इमारतीत फरशा बसवत होता. बिहारात, आपल्या गावी, तो कुस्ती खेळायचा. काल भैरू वस्तादांनीच त्याला सांगितलं होतं, “सकाळी ये. अंग मोकळं कर.”

आणि कालच संध्याकाळी चौकात पोरांनी ठरवलं होतं, परप्रांतीयांना आता कुठंच थारा द्यायचा नाही. ठरवणाऱ्यांत ऋतुराज सगळ्यांच्या पुढे होता.

“लंगोट आणलास का रे?” वस्तादांनी रामसुरतला विचारलं.

“आणला... पण भाऊ नको म्हणतात.”

“आज हा एक येईल,” ऋतुराज म्हणाला. “उद्या अख्खं गाव घेऊन येईल.”

आतून कुणीतरी ओरडलं, “येऊ दे की! रविवारी तुझी कुस्ती आहे, ऋत्या. आम्हाला आपटून आपटून कंटाळलास ना?”

“तू गप रे!”

रामसुरत मान खाली घालून उभा राहिला. ऋतुराजची नजर त्याच्या कानांवर गेली. कुस्तीत मोडलेले, सुजून घट्ट झालेले. अगदी त्याच्या स्वतःच्या कानांसारखे. त्याने चटकन नजर वळवली.

“मी जातो, वस्ताद,” रामसुरत हळूच म्हणाला. “कामाला उशीर होईल.”

गुडघ्यांवर हात टेकत वस्ताद बाहेर आले आणि पायरीवर बसले. शेजारची जागा त्यांनी हाताने झाडली, रामसुरतला खुणेनं बसवलं.

आत पोरं कुस्तीच्या मातीच्या हौद्याभोवती खोळंबली. वस्तादांनी हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावल्याशिवाय आत कुणी पाय ठेवत नाही, हा तिथला नेम.

शेवटी ऋतुराज दारातून वाकला.

“वस्ताद, आत चला ना. सगळे थांबलेत.”

“मी कसा येऊ? मी निपाणीचा. ते तर कर्नाटकात.”

“तुमचं वेगळं आहे!”

“काय वेगळं आहे?”

ऋतुराजने उंबऱ्याकडे पाहिलं, वस्तादांच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं.

“तुम्ही... तुम्ही जुने आहात, वस्ताद.”

वस्ताद हसले. सकाळची थंडी होती. त्यांनी अंगावरची घोंगडी सोडली आणि अर्धी रामसुरतच्या खांद्यावर टाकली.

“मग लाव बाळा दार,” ते मायेनं म्हणाले. “हा जुना होईपर्यंत आम्ही दोघं बसतो इथं.”