धरणाच्या दरवाजाची परीक्षा

एकदा एक वृद्ध संगणकतज्ज्ञ आपल्या शिष्येचं काम तपासायला बसले. शिष्येचं नाव ऋजुता. एका छोट्या धरणाचे दरवाजे संगणकावरून उघडण्या-मिटण्याची प्रणाली तिने सहा महिने खपून लिहिली होती. धरणाखाली चार वाड्या. त्यांतल्या एकीत तिचं माहेर. ही प्रणाली भलत्याच माणसाच्या हाती लागली, तर पाणी थेट आईच्या अंगणात!

"मी सगळं तपासलंय, सर," ती म्हणाली. "चुकीचा पासवर्ड टाकला, रिकामा ठेवला, दुसऱ्याच्या नावाने शिरून पाहिलं. दरवाजा हलत नाही."

गुरुजींनी मान डोलावली आणि एक विचित्रच गोष्ट केली. एक लहानसा प्रोग्राम लिहून तिच्या प्रणालीवर सोडून दिला. तो आपला अखंड कचरा ओतत बसला. नावाच्या जागी नुसती शून्यं, तारखेच्या जागी स्वल्पविराम, पासवर्ड म्हणून पानभर अक्षरं, आणि तेही मिनिटाला हजारो वेळा!

ऋजुताला रागच आला. "अहो सर, शुद्धीवरचा माणूस असलं काही भरेल का?"

"नाही भरणार," असं म्हणून गुरुजी डबा खायला निघून गेले. आता काय बोलणार अशा माणसाशी!

तिसऱ्या दिवशी दुपारी, चाचणीसाठी प्रणालीला जोडून टेबलावर मांडलेला नमुन्याचा दरवाजा खट्कन वर उचलला गेला. पासवर्ड कुणीच दिला नव्हता. चारशे अक्षरांचं एक निरर्थक नाव आलं, तशी प्रणाली गडबडली आणि पासवर्ड विचारायचाच विसरली. ऋजुताने धावत येऊन दरवाजा हाताने खाली दाबला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अगं, तू कमी तपासलं नाहीस. पण सहा महिने पोटच्या पोरासारखं जपलंस ना त्याला? मग जिथे दुखेल तिथे बोट लावायला तुझा हात धजला नाही. चोराला कुठली आली माया? म्हणून परीक्षकही मायेवाचूनचा नेमला. त्याला कंटाळासुद्धा येत नाही."

ऋजुताने दोन दिवसांत दोष दुरुस्त केला. प्रोग्राम पुन्हा सोडला तो तिनेच. आठवडा उलटला तरी दरवाजा जागचा हलला नाही. गुरुजी प्रोग्राम बंद करू लागले, तशी ती म्हणाली, "राहू द्या, सर. खाली माझी आई राहते."

गुरुजींनी हात मागे घेतला आणि दोघंही समाधानाने हसली.

मायेने केलेल्या कामाची परीक्षा आपली आपणच घेऊन मोकळे होतो, तेव्हा ऋजुताची आठवण ठेवावी.